प्रतिसाद: बाळंतिणीला काय न्यावे?

बाळंतिणीला भेटायला जाताना काय न्यावे, या प्रश्नावर इथे बहुतेकांनी झबली, दुपटी आणि खेळणी सुचवली आहेत. त्या वस्तू बाळाच्या झाल्या, बाळंतिणीसाठी काय, हा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. आपल्याकडच्या बाळंतविड्यात बाळाच्या कुंची-अंगड्याबरोबर आईसाठी लुगडे-खण आणि डिंक, खारीक, खोबरे, सुंठ असे जिन्नस असत, म्हणजे तिचा वाटा त्यात आवर्जून धरलेला होता.

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आजही उत्तमच, परंतु चार घरांतून चार डबे आले की ते खाऊन संपवणे हेच तिचे काम होऊन बसते; म्हणून आधी विचारून घ्यावे आणि लाडू आले असतील तर बाळंतशोपा घालून केलेली सुपारी किंवा आठवडाभर दुपारचा गरम डबा पोहोचवावा. माझ्या बाळंतपणात मावशींनी मालिश आणि शेक-शेगडीसाठी येणाऱ्या बाईंचे सव्वा महिन्याचे पैसे परस्पर देऊन टाकले होते, आणि त्या भेटीइतका आराम मला दुसऱ्या कशानेच मिळाला नाही. पुढून उघडणारे सुती गाऊन, पाजताना टेकायला घट्ट उशी आणि एका हाताने उघडता येणारी पाण्याची बाटली याही दिसायला साध्या, पण रोज लागणाऱ्या वस्तू आहेत. उग्र वासाची अत्तरे टाळावीत. बाळाला चाटवण्यासाठी मध तर मुळीच नेऊ नये, कारण वर्षाच्या आतील बाळाला तो देणे धोक्याचे असते.

भेटायला जाताना आधी फोन करावा आणि चहाची अपेक्षा न ठेवता अर्ध्या तासात निघावे.