मदत हवी आहे : दोन रिपीटर, एकच फ्रिक्वेन्सी, मध्ये डोंगर

नमस्कार मंडळी. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वर पट्ट्यात आम्हा हॅमवाल्यांना (हौशी रेडिओवाल्यांना) दोन मीटर तरंगलांबीच्या बँडवर दोन रिपीटर (आलेला सिग्नल पकडून पुन्हा जोरात पाठवणारी केंद्रं) लावायचे आहेत, एक पांडवलेणीच्या बाजूला, दुसरा त्र्यंबकमध्ये. अंजनेरीची उंची मोहात पाडते, पण ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे मास्ट (अँटेनाचा खांब) नकोच.

अडचण फ्रिक्वेन्सीची. दोन्हींना फ्रिक्वेन्सींची एकच जोडी द्यावी (एक ऐकायची, एक पाठवायची, दोन्हींत ६०० किलोहर्ट्झचं अंतर, म्हणजे शिफ्ट) आणि फक्त सीटीसीएसएस टोन (आवाजासोबत जाणारा ओळखीचा बारीक सूर) वेगळे ठेवावेत, असं एका मित्राचं म्हणणं. मला पटत नाही. टोनमुळे स्क्वेल्च (नको तो आवाज अडवणारी रेडिओतली झडप) बंद राहील, पण हवेतला सिग्नल थोडाच थांबतो? एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला दाबतो. दोन्ही सारखेच आले की नुसती गुरगुर. परवा सातपूरला हँडसेट कानाला लावून चाचणी घेतली, तर नेमकं तेच झालं. अर्धं वाक्य याचं, अर्धं त्याचं.

मोबाईलच्या सात-सेल आराखड्यात (सेल म्हणजे एका टॉवरचं क्षेत्र; सात सेलच्या गटात फ्रिक्वेन्सी वाटून देतात) तीच फ्रिक्वेन्सी सेलच्या त्रिज्येच्या साधारण ४.६ पट अंतरावर पुन्हा वापरतात. इथे एवढं अंतरच नाही. मग जोडीच वेगळी घ्यावी, की पॉवर कमी करून डोंगराच्या आडोशावर विसंबावं? घाटमाथ्यावर असं कुणी केलंय का? गर्दीत हरवलेल्या माणसाचा निरोप अर्धवट पोचता कामा नये, एवढीच काळजी आहे.