घरभाड्याच्या वाढीची दीर्घकालीन तजवीज तुम्ही कशी करता?

गिरगावची_पावती
नव्या कराराचा मसुदा वाचताना गिरगावातल्या आमच्या पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या) खोलीची भाडेपावती आठवली; तिच्यावरचा आकडा माझ्या बालपणात कधी बदलल्याचे स्मरत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातही अशा जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला ४ टक्के वाढ ठरवून दिलेली आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायच्या परवान्याच्या करारात) मात्र करारात लिहिली जाईल तीच वाढ, आणि ती दरसाल १० टक्के असेल, तर आजचे २० हजार दहा वर्षांनी जवळपास ५२ हजार होतात. निवृत्तीनंतरही भाड्यानेच राहायचे ठरवलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत.

वरणभात
कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. अकरा महिन्यांचा हट्ट आम्ही सोडला आणि तीन वर्षांचा करार ५ टक्के वाढीने नोंदवून घेतला. तुमचेच २० हजार या दराने दहा वर्षांनी साडेबत्तीस हजारांच्या आसपास राहतील. साठ महिन्यांपर्यंतच्या अशा करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्काच आहे, शिवाय दर वर्षी एजंटला पैसे मोजावे लागत नाहीत.

मीच_तो_घरमालक
शिव्या खाण्याची तयारी ठेवून सांगतो: घर एक महिना रिकामे राहिले, की वर्षाच्या भाड्यातले ८ टक्क्यांहून अधिक बुडतात, वर रंगकाम आणि दलाली. वेळेवर भाडे देणाऱ्याने हा हिशेब शांतपणे पुढे ठेवला, तर बहुतेक मालक वाढीचा आग्रह सोडतात. मी तरी सोडला.

पौडरोड
@मीच_तो_घरमालक, आमच्याकडे पाठवून द्या ना तुमच्यासारखे! आमच्या मालकांनी सोसायटीचे बिगर-वापर शुल्कही (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) आमच्याच माथी मारले आहे.

बर्लिनवासी
आमचे भाडे ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेले आहे. महागाई कमी होती तोवर ही अट फायद्याची वाटली. २०२२ मध्ये ती ७ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर मालकांचे पत्र आले. तेव्हापासून ज्या वर्षी वाढ कमी होते, त्या वर्षी अंदाजपत्रकात धरलेला उरलेला फरक आम्ही वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्याला हात लावत नाही.

गिरगावची_पावती
@वरणभात, तीन वर्षांच्या आत घर रिकामे करावे लागले तर काय, याचे कलम तुम्ही कसे लिहिले आहे? शनिवारी आमची बोलणी आहेत.

वरणभात
पहिले वर्ष दोघेही बांधील, त्यानंतर दोन महिन्यांची लेखी सूचना. भात उतरवून शब्दशः पाठवते.