इनव्हरनेसनंतर एक दिवस हाताशी असेल तर

कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या इनव्हरनेसला कॅबट लिंक्स आणि क्लिफ्स हे गोल्फ कोर्स खेळून एक दिवस उरतोय, कुठे जाऊ, असं विचारलंयत. सरळ कॅबट ट्रेल हा रस्ता धरा आणि इंगोनिशचं हायलँड्स लिंक्स गाठा. स्टॅन्ली थॉम्पसनने आखलेला, १९४१ सालचा कोर्स. कार्ट घेऊ नका, चालतच खेळा. बाराव्या होलनंतर क्लायबर्न ओढ्याच्या काठाने तेराव्याच्या टीपर्यंत (पहिला फटका मारायच्या जागेपर्यंत) बरीच पायपीट आहे. गर्द झाडी, शेजारी खळखळतं पाणी. मला तर तोच भाग सगळ्यात आवडतो! सातवा, किलिक्रँकी, लांबलचक पार पाच (पाच फटक्यांत पुरा करायचा होल) आहे, तिथे घाई नको.

जेवायला बंदरालगतचं साधंसं हॉटेल बघा. हॅडॉक मासा आणि बटाट्याचं दाट, वाफाळतं चाऊडर सूप मागवा. जूनमध्ये गेलात तर लॉबस्टर अगदी ताजा मिळेल. आणि बॅगेत ओटकेक्स (ओट्सची बिस्किटं) हवेतच, नवव्यानंतर भूक लागतेच.