मदत हवी आहे: विंडोज-उबुंटू ड्युअल बूटमध्ये डी ड्राइव्हवर लिहिता येत नाही

प्रश्न
लॅपटॉपवर विंडोज 11 आणि उबुंटू 24.04 दोन्ही आहेत. त्याच एसएसडीवरचं 300 जीबीचं एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग (डी), दोन्हीकडून वापरायचं आहे. उबुंटूत ते कधी नुसतं वाचता येतं, कधी माउंटच होत नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलंच जात नाही. विंडोज रिस्टार्ट करून उबुंटूत आलं की लिहिता येतं, शटडाउन करून आलं की नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) बंद आहे. एनटीएफएसफिक्स (लिनक्सवरचं दुरुस्तीचं साधन) चालवू, की एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करू?

प्रतिसाद 1
सध्या दोन्ही नको. रिस्टार्टचं जे सांगितलंत त्यातच कारण आहे: फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना शटडाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) स्थिती सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल फाइलमध्ये साठवली जाते आणि एनटीएफएस पार्टिशनं 'वापरात' राहतात. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नीट बंद होतं. उबुंटू लिहू देत नाही ते बरंच आहे. जबरदस्तीने लिहिलंत तर विंडोज परत आल्यावर स्वतःजवळची जुनी माहिती खरी धरून त्यावर लिहील आणि फाइल खराब होतील.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जा. आधी 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअवेलेबल' दाबा, नाहीतर खालचे पर्याय फिकेच राहतात. मग फास्ट स्टार्टअपची टिक काढून सेव्ह करा. त्यानंतर डी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज, टूल्समधून एकदा एरर चेकिंग करा आणि शटडाउन करा. मोठ्या अपडेटनंतर ती टिक परत लागली नाही ना, तेवढं बघा. हायबरनेट करून (चालू स्थिती डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करून) दुसऱ्या सिस्टिममध्ये जाऊ नका. हे उबुंटूलाही लागू.

एनटीएफएसफिक्स म्हणजे चेकडिस्क (विंडोजची पूर्ण डिस्क तपासणी) नव्हे. ते मोजक्या चुका दुरुस्त करतं आणि बाकीची तपासणी विंडोजवर सोपवतं.

प्रतिसाद 2
वरच्याशी सहमत. एक्सफॅटला जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नाही; लिहिताना वीज गेली तर एनटीएफएस जास्त सावरतं. पेन ड्राइव्हला एक्सफॅट ठीक, आतल्या डिस्कला एनटीएफएसच ठेवा.

कायमच्या माउंटसाठी उबुंटूच्या डिस्क्स अ‍ॅपमध्ये पार्टिशन निवडा, गिअरच्या बटणातून 'एडिट माउंट ऑप्शन्स' उघडा आणि 'यूझर सेशन डिफॉल्ट्स' बंद करा. ओळख यूयूआयडीने (पार्टिशनच्या कायमच्या ओळख क्रमांकाने) द्या, कारण डिस्कचा क्रम बदलला की एसडीए-एसडीबी ही नावं बदलतात. ऑप्शन्समध्ये यूआयडी=1000, जीआयडी=1000 (म्हणजे यूझर आणि त्याच्या ग्रुपचा क्रमांक; पहिल्या यूझरचा बहुधा हाच असतो) आणि नोफेल (पार्टिशन नसलं तरी बूट चालू ठेव) घाला. नोफेल नसेल आणि पार्टिशन सापडलं नाही, तर बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं.

प्रश्नकर्ता
टिक काढली, एरर चेकिंग केलं. आता शटडाउननंतरही लिहिता येतंय. पायथॉनचे प्रोजेक्टही डीवरच ठेवले तर चालतील?

प्रतिसाद 2
सोर्स कोड चालेल. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टच्या पायथॉन पॅकेजेसचा वेगळा फोल्डर) मात्र उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये, एक्सटी4 वर (लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर) करा. या माउंटवर सीएचमॉडचा (फाइलच्या परवानग्या बदलणाऱ्या कमांडचा) उपयोग होत नाही, आणि विंडोजमध्ये केलेलं एन्व्हायर्नमेंट उबुंटूत तसंही चालत नाही.

प्रतिसाद 1
फाइलच्या नावांचंही बघा. देवनागरी नावं दोन्हीकडे नीट दिसतात. पण उबुंटूत 'बैठक 10:30' असं नाव दिलंत तर कोलनमुळे विंडोजला ती फाइल उघडता येणार नाही. माउंट ऑप्शन्समध्ये विंडोज_नेम्स (मधे अंडरस्कोर) घातलंत की असं नाव देतानाच उबुंटू अडवेल.