दुधाशिवाय, पिठीसाखरेशिवाय फ्रॉस्टिंग, तेही ऑक्टोबर हीटमध्ये टिकणारं?

मानपाडा_आई:
नमस्कार. लेकीचा चौथा वाढदिवस पुढच्या शनिवारी आहे, घोडबंदर रोडला आमच्याच सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आणि तिथे एसी नाहीये. तिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, म्हणजे नुसतं पोट बिघडत नाही तर अंगावर गांधी उठतात, त्यामुळे बटर, क्रीम, पनीर सगळं बंद. मागच्या वर्षी एका बेकरीतून 'नॉन-डेअरी' क्रीमचा केक आणला, त्यांनी छातीठोक सांगितलं की दूध अजिबात नाही, आणि रात्री आम्ही दवाखान्यात. नंतर कळलं त्या क्रीममध्ये दुधातलं प्रोटीन होतंच. म्हणून यंदा घरीच करणार. केक जमतो मला (सोया दूध आणि व्हिनेगर घालून), अडलंय फ्रॉस्टिंगवर. परवा नारळाच्या दुधाची मलाई फेटून बघितली, फ्रिजमधून काढली तेव्हा मस्त उभी होती, दहा मिनिटांत सगळी ओघळून ताटलीत. खजूर वगैरे घालून कुणी काही केलंय का? आणि हो, तिला गुलाबीच केक हवाय.

पामबीच_किचन:
ताई, तुमचं काही चुकलं नाही. खोबऱ्याचं तेल २४-२५ डिग्रीलाच पातळ होतं आणि आपल्याकडे आत्ता घरात ३० च्या वर असतं, मग ती मलाई उभी राहणार कशी? परदेशातल्या रेसिप्या थंड किचनसाठी असतात, मी पण नारळाचे दोन-तीन डबे वाया घालवले तेव्हा कळलं. आपल्या हवेत ज्याला स्वतःचं अंग आहे असं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे रताळं. नवरात्रामुळे आत्ता बाजारात भरपूर आहेत. साधारण ४०० ग्रॅम घ्या, कुकरला अजिबात लावू नका, पाणी शिरतं आणि मग ते कधीच घट्ट होत नाही. सालासकट ओव्हनमध्ये १८० ला तासभर, नाहीतर जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद गॅसवर. हळू भाजलं की रताळ्यातल्या स्टार्चची थोडी साखर होते म्हणून खजूर कमी लागतो. सोलून, पूर्ण गार करून (गरम असताना फिरवलं तर चिकट होतं) १०-१२ काळे मऊ खजूर, ३ चमचे कोको, २ चमचे शेंगदाण्याचं बटर आणि चिमूटभर मीठ घालून मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबत थांबत फिरवा. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला नेरूळला गच्चीवर दोन तास होतं, हललं नाही.

नौपाडा_मावशी:
अगं पण पोरीला गुलाबी हवाय ना, कोकोचं तपकिरी बघून रडेल ती. खजूर घातला की रंग गेलाच समज. त्याऐवजी बेदाणे घे. एक वाटी काजू तासभर गरम पाण्यात भिजव, पाव वाटी बेदाणे वेगळे भिजव, पाणी पूर्ण निथळून दोन्ही अगदी गंधासारखं वाट. पाणी घालायचा मोह होतो, घालू नकोस, चमचाभर नारळाचं जाड दूध बास. रंगाला उकडलेल्या बिटाचा एक चमचा गर आणि चार थेंब लिंबू, लिंबाने बिटाचा मातकट वास पण कमी होतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. बेदाणे, काजू वाशीच्या मसाला मार्केटमध्ये बरे मिळतात, नाहीतर आपलं जांभळी नाक्याला.
आणि मुख्य म्हणजे काजू खाल्लेत ना तिने आधी? नसतील तर वाढदिवसाच्या दिवशी पहिल्यांदा नको, डॉक्टरांना विचार.

खारघर_३५:
बेकरीबद्दल वाचून वाईट वाटलं. एक सांगतो, पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी, दूध नाही असा त्याचा अर्थ होत नाही. कोको, शेंगदाणा बटर काहीही घेताना मागे 'कंटेन्स मिल्क' लिहिलंय का ते वाचा, 'केसिनेट' दिसलं तरी ठेवून द्या, ते दुधातलंच. शिवाय घरच्या मिक्सरचं भांडं, स्पॅच्युला आधी नीट धुऊन घ्या, रबराच्या रिंगमध्ये ताकाचे कण अडकतात. अजून एक, खजुरात जवळपास दोन तृतीयांश साखरच असते, फायबर सोबत येतं हे खरं, पण म्हणून थर जाड देऊ नका.

मानपाडा_आई:
सगळ्यांचे खूप खूप आभार! काजू ती मुठीने खाते, ती काळजी नाही. काल दोन्ही थोडं थोडं करून बघितलं. रताळ्याचं कढईत भाजून केलं, घरात कुणाला ओळखूच आलं नाही, सासूबाईंनी तर पोळीला लावून खाल्लं. काजूचं पंख्याखाली तासभर ठेवलं, कडा थोड्या मऊ झाल्या पण ओघळलं नाही. आता ठरवलंय, मधे रताळ्याचा चॉकलेट थर आणि वरून गुलाबी. फुलं काढायला नोझल वापरू की चमच्यानेच फिरवू?

नौपाडा_मावशी:
चमच्यानेच. काजूचा बारीक कण राहिला तर नोझल अडकतो. आणि केक पूर्ण गार झाल्याशिवाय लावू नको गं, क्लबहाऊसला शेवटच्या अर्ध्या तासात ने.