सॅल्मन सुशी तशी अलीकडचीच
सॅल्मनची सुशी (व्हिनेगर लावलेल्या भातावर कच्चा मासा) ही जपानची जुनी परंपरा, असं कुणीतरी म्हटलंय, म्हणून लिहितोय. जपानी लोक सॅल्मन पूर्वीपासून खायचे, पण खारवून, भाजून. पॅसिफिकच्या जंगली सॅल्मनमध्ये कृमी असतात, म्हणून कच्चा खात नसत. नॉर्वेचे मत्स्यमंत्री थोर लिस्ताउ १९८५ च्या सुमारास शिष्टमंडळ घेऊन जपानला गेले, पुढे नॉर्वेचा सॅल्मन तिथे विकण्यासाठी 'प्रोजेक्ट जपान' उभा राहिला, तरी लोकांची भीती जायला कितीतरी वर्षं लागली. नॉर्वेचा हा संवर्धनातला, म्हणजे पाळून वाढवलेला, मासा तयार गोळ्यांच्या खाद्यावर वाढतो, त्यामुळे कृमींचा धोका अगदीच कमी. सगळी मेख इथेच होती.

आपल्याकडे रावस 'इंडियन सॅल्मन' म्हणून विकतात. तो वेगळाच मासा आहे, कृपा करून कच्चा खाऊ नका!

घरी सुशी करताना खरी परीक्षा भाताची. जपानी तांदूळ नसेल तर इंद्रायणी चालतो, तोही चिकट होतो. गरम भातावर व्हिनेगर-साखर-मीठ शिंपडायचं आणि कालथा उभा धरून, कापल्यासारखा फिरवायचा. शितं मोडता कामा नयेत. उरलेला सॅल्मन कातडीची बाजू खाली ठेवून तव्यावर टाका, तेल जवळपास लागतच नाही, त्याचंच पुरेसं सुटतं.