मदत हवी आहे: शाळेने काढलेल्या मुलांच्या वर्गासाठी पैसा कुठून आणायचा?

पाणभिंत:
दापोली तालुका, बंदराचं गाव. शाळेने काढलेली ११ मुलं आहेत, त्यांच्यासाठी समाजमंदिरात दुपारचा वर्ग चालू आहे. ताईंचं मानधन, वह्या, खाऊ धरून महिना १४,००० खर्च. वर्गणी जूनपर्यंत पुरेल. पंचायत समितीत विचारलं तर "अशी योजना नाही" म्हणाले. सरकारी पैसा कोणत्या नावाखाली मिळतो एवढंच सांगा. शिक्षणाचं महत्त्व सांगू नका, माहीत आहे.

जांभा:
वयं? इयत्ता? शाळा झेडपीची, अनुदानित की विनाअनुदानित? "काढलं" म्हणजे दाखला हातात दिला, की नुसतं "उद्यापासून येऊ नको"? आणि तुम्ही कोण, नोंदणीकृत संस्था की मित्रमंडळी?

कोकम आगळ:
१७ नंबर फॉर्म भरा आणि मोकळे व्हा. पाचवी पास आणि १४ पूर्ण असलं की खासगी विद्यार्थी म्हणून थेट दहावीला बसता येतं.

पाणभिंत:
एवढं सगळं कशाला लागतं? असो. ८ मुलं १० ते १३ वयाची, पाचवी ते सातवी. दोघं १५ ची, एक १७ चा. शाळा खासगी अनुदानित. दाखला चौघांना दिला, बाकीच्यांना तोंडी. कारण मारामाऱ्या आणि गैरहजेरी.

वाशिष्ठी:
सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा) बघा. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये शिक्षण आहेच. संस्थेची १२ए, ८०जी (दोन्ही आयकराच्या) आणि सीएसआर-१ (कंपनी खात्याकडची) नोंदणी हवी.

जांभा:
@कोकम आगळ, आठ मुलं चौदाच्या आतली आहेत. त्यांना १७ नंबरचं काय सांगता?

@पाणभिंत, आधी कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ ची दुरुस्ती पाचवी-आठवीत नापास करण्यापुरती आहे, काढण्यावरची बंदी कायम. (शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालामुळे हा कायदाच लागत नाही. तपासा.) ज्यांचा दाखला अजून घेतला नाही, त्यांचा घेऊ नका. कलम ३२ खाली लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो.

आता पैसा. "शाळेने काढलेल्या मुलांसाठी" अशी योजना खरंच नाही, म्हणून तुम्हाला ते उत्तर मिळालं. शब्द "शाळाबाह्य" वापरा. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत शाळाबाह्य मुलांच्या "विशेष प्रशिक्षणा"साठी अनिवासी मुलामागे वर्षाला ६,००० पर्यंत, निवासी असेल तर २०,००० पर्यंत तरतूद आहे. कालावधी ३ महिने ते २ वर्षं.

यात दोन ठिकाणी अडतं. एक, मुलाला आधी वयानुरूप वर्गात दाखल करायचं आणि मग प्रशिक्षण, असा क्रम आहे. म्हणजे कुठल्यातरी शाळेच्या पटावर नाव हवंच, आणि वर्ग शाळेच्या नावाने चालतो, तुमच्या मंडळाच्या नाही. दाखला मिळालेल्या चौघांना जवळच्या झेडपी शाळेत घाला आणि वर्ग आपला म्हणणारा मुख्याध्यापक शोधा. दोन, पटावर असलेलं मूल सलग ३० दिवसांहून जास्त गैरहजर असेल तरच शाळाबाह्य धरतात. संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर) पटावर ठरते, त्यामुळे नाव काढायचं नाही आणि मधूनच एखादी हजेरी टाकायची, असं चालतं. मग ३० दिवस कधीच भरत नाहीत. हजेरीपट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुलांची नावं वार्षिक कार्ययोजना वर मंजुरीला जाण्याआधी समग्र शिक्षाच्या प्रबंध पोर्टलवर चढली पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षीच. गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) साधनव्यक्तीला आणि बालरक्षकाला (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणणारा शिक्षक) भेटा, टेबलावरच्या क्लार्कला नको.

सुरंगी:
आठ मुलांचे ४८,००० होतात, म्हणजे महिना ४,०००. खर्च १४,०००. उरलेले १०,००० कुठले? बालसंगोपन योजनेचे मुलामागे महिना २,२५० घ्या की.

जांभा:
ते अनाथ, एकपालक वगैरे मुलांसाठी, बाल कल्याण समितीच्या आदेशाने. पैसा मुलाच्या खात्यावर, घरखर्चासाठी. त्यातून वर्गाची फी कापलीत तर पहिली तक्रार तुमच्यावरच होईल.

सुरंगी:
फी म्हटलंच नाही मी. पालक आपखुशीने देतात.

जांभा:
आपखुशीची पावती कशी फाडणार ते सांगा.

चिरेखाण:
ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात. ग्रामसभेत ठराव घ्या. वह्या, चटया, खाऊ त्यातून होईल. १५ व्या वित्त आयोगाकडे बघू नका, अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतूनही मानधन देता येत नाही.

देवगडकर:
अवांतर: दुपारचो वर्ग कित्याक? होडये लागले की पोरां जेटीरच असतली. लिलावाची वेळ बघून वर्ग ठेवा.

श्रीवर्धनी:
खासगी शाळांतल्या २५ टक्के आरटीई (शिक्षण हक्क) प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरलेत का? उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

चिरेखाण:
ते पहिलीच्या आणि त्याआधीच्या प्रवेशासाठी हो. इथे सातवीतली पोरं आहेत.

वाशिष्ठी:
सीएसआरबद्दल कोणी बोललंच नाही.

जांभा:
संस्थेला ३ वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. धागाकर्त्याने संस्था आहे का हेच अजून सांगितलेलं नाही. १५ वर्षांच्या दोघांची इयत्ताही नाही. आठवीच्या आत पटावर असतील तर चौदानंतरही आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क राहतो. पटावर नसतील तर १६ पर्यंत मधल्यामध्ये लटकतात. वर्गणी त्यांच्यासाठी राखून ठेवा. १७ चा मुलगा सामाजिक-आर्थिक वंचित गटात बसत असेल तर त्याला समग्र शिक्षामधूनच मुक्त विद्यालयातून शिकायला वर्षाला २,००० पर्यंत मिळतात.

पाणभिंत:
संस्था आहे, नोंदणी गेल्या वर्षीची. शाळा अल्पसंख्याक नाही. ते दोघं सातवीत, नाव पटावर आहे. चौघांच्या दाखल्यावर "पालकाच्या अर्जावरून" असा शेरा आहे.

जांभा:
अर्ज बघितलात?

पाणभिंत:
एकाचा फोटो मिळाला. खाली अंगठा आहे. त्या बाईंना सही येते.

जांभा:
चारही अर्जांच्या नकला माहिती अधिकारात मागा. शाळा अनुदानित आहे, द्याव्या लागतील. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. तोवर झेडपीतला प्रवेश थांबवू नका.